कोडेक्स मानेसेची डिजिटल प्रत : पानांचा क्रम सोडून वाचावा असा संग्रह

हाइडेलबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयाने कोडेक्स मानेसे या हस्तलिखिताची संपूर्ण डिजिटल प्रत आपल्या संकेतस्थळावर सर्वांसाठी विनामूल्य खुली केलेली आहे. मिनेझांग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मध्ययुगीन जर्मन दरबारी प्रेमकवितेचा हा सर्वांत मोठा आणि सर्वांत देखणा संग्रह होय. साधारण १३०० ते १३४० या काळात झ्युरिकमध्ये तो लिहिला व रंगवला गेला. ४२६ चर्मपत्री पाने, १४० कवींच्या नावांखाली उतरवलेली सुमारे सहा हजार कडवी आणि १३७ पानभर चित्रे असा त्याचा पसारा आहे. २०२३ मध्ये युनेस्कोने जागतिक स्मृतीच्या नोंदवहीत त्याचा समावेश केला. मूळ पोथीला उजेडाचा व हाताळणीचा त्रास होऊ नये म्हणून ती क्वचितच बाहेर काढली जाते. त्यामुळे हाइडेलबर्गला जाऊन आलेल्यांनाही सहसा प्रतिकृतीच पाहायला मिळते. डिजिटल प्रत मात्र हवी तेव्हा, हवी तितका वेळ, हव्या त्या पानावर उघडता येते. या प्रतीची मी मनापासून शिफारस करतो, पण एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो : पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ओळीने वाचायला घेतल्यास ही पोथी आपल्या कवितेचा इतिहास वाचकापासून लपवून ठेवते.

प्रत वापरायला सोपी आहे. नाव नोंदवावे लागत नाही, शुल्क नाही. पानांची छोटी चित्रे एकाखाली एक दिसतात, त्यांतले हवे ते निवडून मोठे करता येते, आणि सबंध ग्रंथ पीडीएफ स्वरूपात उतरवूनही घेता येतो. दर्शनी मजकूर जर्मनबरोबर इंग्रजीतही आहे. प्रत्येक पानाला स्वतःचा कायमचा दुवा असल्यामुळे अभ्यासकाला आपल्या टिपणात थेट त्या पानाचा हवाला देता येतो, ही सोय वरवर लहान वाटली तरी संशोधनात तिचे मोल मोठे आहे. हस्तलिखिताच्या पानांना एकच क्रमांक असतो आणि पुढची व मागची बाजू वेगळी धरली जाते. प्रतीतही तीच पद्धत पाळलेली आहे. कोडेक्स मानेसे हा ग्रंथालयाच्या पालाटिना संग्रहातील जर्मन हस्तलिखितांपैकी ८४८ वा, म्हणजे शेवटच्या क्रमांकाचा ग्रंथ आहे, आणि त्या मालिकेतील बाकीची हस्तलिखितेही अशाच रीतीने पाहता येतात. त्याचा उपयोग कसा होतो ते पुढे येईलच.

आता त्या क्रमाविषयी. संग्राहकांनी कवी मांडले ते काळानुसार किंवा शैलीनुसार नव्हे, सामाजिक पायरीनुसार. सर्वांत पुढे सम्राट, मग राजे, मग ड्यूक, काउंट, सरदार, आणि सरतेशेवटी ज्यांच्या नावामागे केवळ ‘माइस्टर’ लागते असे व्यावसायिक गायक. सहाव्या पानावर सिंहासनावर बसलेला सम्राट सहावा हाइनरिश आहे, जो ११९७ मध्ये मेसिना येथे वारला. लगेच सातव्या पानावर ससाणे घेऊन शिकारीला निघालेला कोनराडिन आहे, ज्याचा १२६८ मध्ये सोळाव्या वर्षी नेपल्समध्ये शिरच्छेद झाला. दोन पानांच्या फटीत सत्तर वर्षे गेली, आणि त्या सत्तर वर्षांत मिनेझांगने आपला चेहरामोहरा दोनदा तरी बदलला होता. पण दोघांच्या पानांवर सोने सारखेच झळकते, दोघांची वस्त्रे एकाच पद्धतीची आहेत, आणि चित्रकाराने साऱ्यांना आपल्याच काळातल्या दरबारात आणून बसवल्यामुळे पाहणाऱ्याला वाटते की जर्मन सरदार शेदीडशे वर्षे एकच गाणे गात होते. हा समज अनेक सचित्र पुस्तकांनी पक्का केलेला आहे. त्यातून बाहेर पडायला डिजिटल प्रतीइतके चांगले साधन दुसरे नाही, कारण जड बांधणीच्या ग्रंथात जे अशक्यप्राय आहे ते इथे पानांचे क्रमांक हाताशी ठेवून सहज साधते : पोथी कवितेच्या क्रमाने पुन्हा लावता येते.

तशी ती लावायची तर सुरुवात ६३ व्या पानाच्या पुढच्या बाजूने, क्यूरेनबर्गच्या कवीपासून करावी. बाराव्या शतकाच्या तिसऱ्या चतुर्थकाच्या आगेमागे डॅन्यूबकाठच्या प्रदेशात रचलेली ही कविता मिनेझांगच्या अगदी आरंभीची आहे. त्याच्या नावावर इथे अवघी पंधरा कडवी आहेत, आणि त्यांतली दोन ससाण्याच्या गाण्याची. बोलणारा आवाज सांगतो की मी वर्षाहून अधिक काळ एक ससाणा वाढवला, त्याला मनासारखा माणसाळवला, त्याच्या पिसांना सोन्याने मढवले, आणि तो उंच उडून परमुलखात निघून गेला. दुसऱ्या कडव्यात तोच ससाणा पुन्हा दिसतो, पायात रेशमी दोऱ्या, पिसे सोन्याने लालसर. आणि शेवटची ओळ एवढेच मागते की ज्यांना एकमेकांची ओढ आहे त्यांना देवाने एकत्र आणावे. बोलणारी स्त्री आहे असे बहुतेक अभ्यासक मानतात. दीर्घ ओळींचे हे कडवे निबेलुंगांच्या महाकाव्याच्या छंदाशी जुळते. दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्सच्या दरबारांतली घडण अजून त्यात उतरलेली नाही. स्त्री इथे उघडपणे ओढ व्यक्त करते, पुरुष हट्टी आहे, आणि कोणी कोणाच्या पायाशी बसलेले नाही. गाथासप्तशतीत रमणाऱ्या मराठी वाचकाला ही कविता लगेच जवळची वाटेल, कारण एका कडव्यात पुरी होणारी घटना आणि न सांगता उरणारे दुःख हे त्याच्या ओळखीचे आहे. तीच गाथासप्तशती १८८१ मध्ये लाइपझिगहून समग्र संपादित करणारे आल्ब्रेख्ट वेबर जर्मन होते, हेही या निमित्ताने आठवते.

तिथून थेट विसाव्या पानावरील रुडोल्फ फॉन फेनिसकडे यावे. हा न्यूशाटेलचा काउंट, म्हणजे फ्रेंच आणि जर्मन भाषांच्या सीमेवरचा सरदार. त्याने मार्सेच्या फोल्के या प्रोव्हान्सी कवीच्या रचना समोर ठेवून जर्मन गाणी बांधली. मग ११६ व्या पानाच्या मागच्या बाजूला फ्रीडरिश फॉन हाउझेन भेटतो, समुद्रातल्या गलबतात बसलेला. तो सम्राट फ्रीडरिश बार्बारोसाबरोबर धर्मयुद्धाला गेला आणि ११९० मध्ये आशिया मायनरमध्ये मेला. त्याच्या एका गाण्यात शरीर आणि हृदय एकमेकांची फारकत घेऊ पाहतात : शरीराला विधर्म्यांशी लढायला जायचे आहे, हृदयाने मात्र एक स्त्री निवडलेली आहे. ऱ्हाइनकाठच्या या पिढीने दक्षिणेकडून तीन भागांचे कडवे आणले, आणि त्याबरोबर एक नवे नातेही आणले. आता स्त्री उंचावर आहे, पुरुष तिचा सेवक आहे, सेवेला मोबदला मिळणार नाही हे त्याला ठाऊक आहे, आणि तरी सेवा न सोडण्यातच त्याची प्रतिष्ठा आहे. दोनतीन दशकांत ससाण्याच्या गाण्यातली बाई बोलायची थांबली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, कारण स्त्रीच्या तोंडची कडवी पुढेही रचली गेली. पण ती सारी पुरुषांच्या नावांवर आहेत, आणि या १४० नावांत कवयित्री म्हणून ओळखता येईल असे एकही ऐतिहासिक नाव नाही.

या उच्च प्रेमाच्या कवितेचे टोक म्हणजे ९८ व्या पानावरचा राइनमार. नकार सोसणे हीच कला, आणि जगात दुःख माझ्याइतके सुंदर कोणी सोसत नाही, हा त्याचा अभिमान. त्याच्या एका गाण्यात ‘ती मेली तर मीही मेलो’ अशी कबुली आहे. याच पिढीतला हाइनरिश फॉन मोरुंगेन ७६ व्या पानाच्या मागच्या बाजूला पलंगावर निजलेला दिसतो आणि स्त्री स्वप्नासारखी त्याच्यासमोर उभी आहे. त्याच्या कवितेत प्रकाश, आरसा, चंद्र यांची जी दाटी आहे तिला हे चित्र शोभते. मला स्वतःला मोरुंगेन राइनमारपेक्षा अधिक भावतो, पण परंपरा कशावर उलटली हे समजायला राइनमारच वाचावा लागतो.

ती उलटली १२४ व्या पानावर. या पानावर सर्वांत जास्त वेळ घालवावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. वाल्टर फॉन देअर फोगेलवाइडे खडकावर बसलेला आहे, पायावर पाय, त्यावर कोपर, आणि हनुवटी व गाल तळहातात. ही बैठक चित्रकाराने मनाने रचलेली नाही. वाल्टरच्याच एका रचनेच्या पहिल्या ओळींत ती जशीच्या तशी वर्णिलेली आहे. पण ती रचना प्रेमाची नाही. ११९८ मध्ये जर्मन राजपदासाठी फिलिप आणि ओटो अशा दोघांची निवड झाली आणि देशात यादवी माजली, त्या वेळची ती आहे. मान, संपत्ती आणि देवाची कृपा ही तीन एका हृदयात कशी नांदतील, हा तिचा प्रश्न. म्हणजे प्रेमकवितेच्या या सर्वांत मोठ्या संग्रहाने तिच्या सर्वांत मोठ्या कवीला प्रियकर म्हणून दाखवलेच नाही, विचारात गढलेला माणूस म्हणून दाखवले. चित्र पुरेसे मोठे केले की खांद्यापाशी निघालेली पांढरी पट्टी कोरी असल्याचे दिसते; तिच्यावर शब्द नाहीत. तलवार शेजारी टेकवलेली आहे, आणि कुलचिन्हात पिंजऱ्यातला पक्षी आहे.

प्रत्यक्षातला वाल्टर फार श्रीमंत नव्हता. त्याच्या हयातीतली त्याची एकमेव दप्तरी नोंद म्हणजे पासाऊचा बिशप वोल्फगर याच्या प्रवासखर्चाच्या हिशेबातली ओळ : १२ नोव्हेंबर १२०३ रोजी त्साइझेलमाउअर येथे गायक वाल्टरला फरच्या कोटासाठी पाच सॉलिडस (त्या काळचे चलन) दिले. आश्रयदात्याच्या मर्जीवर जगणाऱ्या या माणसाने मोबदला नसलेल्या सेवेचे तत्त्वज्ञान मोडीत काढले यात मला विसंगती वाटत नाही. राइनमारच्या कबुलीला उत्तर देताना तो म्हणतो की माझ्या गाण्यामुळेच तिला मान आहे, मी संपलो की तीही संपली. आणि मी तिच्या सेवेत म्हातारा झालो तर तीही तरुण उरणार नाही, मग एखाद्या तरण्याने कोवळ्या फोकांनी तिच्या सुरकुतलेल्या कातडीचा समाचार घ्यावा. हे क्रूर आहे, आणि ते क्रूर असल्याचे लपवायचे कारण नाही. पण याच कवीने लिंडेनच्या झाडाखालचे गाणे रचले, ज्यात एक मुलगी सांगते की मोडलेली फुले आणि गवत पाहून येणाऱ्याजाणाऱ्याला आमची जागा कळेल. आम्ही काय केले ते आम्ही दोघे आणि एक छोटा पक्षी यांच्याखेरीज कोणाला कळू नये, आणि पक्षी तर इमानी आहे. परस्पर सुखाला, न लाजणाऱ्या स्त्रीच्या आवाजाला, वाल्टरने पुन्हा जागा दिली. क्यूरेनबर्गकडून निघून इथवर आले की हे परत येणे लक्षात येते; पोथीच्या क्रमाने आले तर ते मुळीच जाणवत नाही. राइनमार मेल्यावर मात्र वाल्टरने त्याच्यासाठी दोन शोककडवी रचली, आणि त्यांत माणसापेक्षा कलेसाठी अधिक हळहळ व्यक्त केली.

पुढचा टप्पा २७३ व्या पानावर. नाइटहार्टच्या चित्रात चार गावकरी त्याला घेरून उभे आहेत, आणि त्याच्या कवितेत दरबारी प्रेम थेट खेड्यात उतरते. उन्हाळी गाण्यांत नाचाला जाऊ द्या म्हणून मुलगी आईशी भांडते, कधी म्हातारी आईच नाचायला निघते. हिवाळी गाण्यांत तलवारी मिरवणारे, भपकेबाज कपड्यांतले शेतकरी तरुण सरदाराच्या वाटेत येतात. एंगेलमार नावाच्या गड्याने फ्रिडेरूनचा आरसा हिसकावून घेतला, ही एक घटना तर त्याच्या गाण्यांत पुन्हा पुन्हा येते, जणू जगाची घडी त्याच दिवशी बिघडली. ही कविता फार लोकप्रिय झाली. व्हिएन्नात टुखलाउबेन रस्त्यावरच्या एका घरात १४०० च्या सुमारास काढलेली नाइटहार्टच्या विषयांवरची भित्तिचित्रे १९७९ मध्ये सापडली, यावरून ती दोन शतकांनंतरही शहरातल्या सधन घरात रुळलेली होती हे दिसते. ३०८ व्या पानाच्या मागच्या बाजूचा श्टाइनमार आणखी पुढे जातो : प्रेयसी दाद देत नाही तर मी शरद ऋतूचा चाकर होतो म्हणत तो मासे, हंस, कोंबड्या, डुक्कर आणि द्राक्षमद्य यांचे गाणे गातो. ३९९ व्या पानावरचा फ्राउएनलोब, जो १३१८ मध्ये माइन्त्स येथे वारला, तो प्रेमाचे तत्त्वज्ञान इतक्या गुंतागुंतीच्या भाषेत मांडतो की टीपांशिवाय त्याच्या वाट्याला जाऊ नये.

संग्रहाच्या जन्माची गोष्टही आतच सापडते. ३७१ व्या पानावर झ्युरिकचा योहानेस हाडलाउब आहे. तो सरदार नव्हता; १३०२ मध्ये त्याने शहरात घर विकत घेतल्याची नोंद आहे. त्याच्या एका गाण्यात र्‍यूडिगर मानेसे आणि त्याचा मुलगा यांची स्तुती आहे, की त्यांच्याइतक्या गीतांच्या वह्या साऱ्या राज्यात कोणाकडे मिळणार नाहीत. ग्रंथाला मानेसे हे नाव मिळाले ते या गाण्यामुळे. चित्रात हाडलाउब यात्रेकरूचा वेष घेऊन प्रेयसीला चिठ्ठी पोहोचवताना दिसतो, आणि गाण्यातही तो सरदारांच्या प्रेमाचे सोपस्कार स्वतःवर चढवतो. परंपरा नगरवासीयांच्या हाती गेली, आणि हाती आली तेव्हा ती जपून ठेवायची वस्तू झालेली होती.

वाचनासाठी दोन गोष्टी माहीत असल्यास पाने बोलू लागतात. मजकूर दोन स्तंभांत सलग लिहिलेला आहे, कवितेच्या ओळी तोडलेल्या नाहीत. यमकाची जागा छोट्या टिंबाने दाखवलेली असते. कडव्याचे पहिले अक्षर निळे किंवा तांबडे असते, आणि साधारणपणे एका चालीतल्या सर्व कडव्यांना एकच रंग असतो, चाल बदलली की रंग बदलतो. अनेक कवींच्या शेवटी लेखनिकांनी मोकळी जागा सोडलेली आहे, पुढेमागे आणखी कडवी हाती लागली तर लिहिता यावीत म्हणून. छापील संपादनांत या कोऱ्या जागा दिसत नाहीत. डिजिटल प्रतीत त्या दिसतात, आणि संग्रह कधी पुरा झालाच नाही हे डोळ्यांनी पटते.

मर्यादा आहेत, आणि त्यांतली मोठी मर्यादा पोथीचीच आहे. मिनेझांग गायिले जात होते, पण कोडेक्स मानेसेत स्वरलेखन नाही. वाल्टरच्या पॅलेस्टाइनविषयीच्या गाण्याची चाल आपल्याला मिळाली ती १९१० मध्ये म्युन्स्टर येथे सापडलेल्या एका हस्तलिखिताच्या तुकड्यातून. दुसरे असे की चित्रे म्हणजे व्यक्तिचित्रे नव्हेत. क्यूरेनबर्गच्या कवीला दीडशे वर्षांनी रंगवणाऱ्याला त्याच्याविषयी नावापलीकडे फारसे काही ठाऊक असण्याचा संभव नव्हता, आणि कित्येक कुलचिन्हेही कल्पित आहेत. तिसरे, पानाचे छायाचित्र म्हणजे संपादित पाठ नव्हे. मध्ययुगीन उच्च जर्मन आणि ती लिपी यांचा सराव नसलेल्याने फ्रीडरिश फाफ यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेला या हस्तलिखिताचा अक्षरशः मुद्रित पाठ सोबत ठेवावा. आधुनिक जर्मन येणाऱ्याला त्याच्या आधाराने आठवड्याभरात यमकांची टिंबे मोजत कडवी वेगळी करता येऊ लागतील.

पाठभेदांकडे वळायचे तर त्याच ग्रंथालयाचे ३५७ क्रमांकाचे हस्तलिखित उघडावे. हे छोटे हाइडेलबर्ग गीत-हस्तलिखित तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातले, कोडेक्स मानेसेपेक्षा जुने, चित्रांशिवाय, अवघ्या ४५ पानांचे. त्याशिवाय श्टुटगार्टच्या ग्रंथालयात पंचवीस चित्रे असलेले वाइनगार्टेन हस्तलिखित आहे. प्रेम म्हणजे काय ते मला कोणी सांगेल का, असे विचारणारे वाल्टरचे गाणे वेगवेगळ्या हस्तलिखितांत वेगवेगळ्या क्रमाने व कमीजास्त कडव्यांनिशी आढळते. काही कडवी तर एका ठिकाणी एका कवीच्या नावावर आणि दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्याच्या नावावर असतात. एकोणिसाव्या शतकातल्या संपादकांनी त्यांतून एक शुद्ध मूळ पाठ घडवण्याचा ध्यास घेतला होता. आज हस्तलिखिते शेजारी शेजारी उघडून पाहिली की गायकांनीच गाणी प्रसंगानुसार फिरवली असावीत ही शक्यता अधिक पटते.

पोथी मुळात हाइडेलबर्गची नाही, हेही सांगायला हवे. १६०७ मध्ये ती तिथल्या राजवाड्यात आली, तीस वर्षांच्या युद्धाच्या धामधुमीत बाहेर गेली, १६५७ पासून पॅरिसच्या राजग्रंथालयात होती, आणि १८८८ मध्ये ट्र्यूबनर या पुस्तकविक्रेत्याच्या मध्यस्थीने झालेल्या देवघेवीतून परत आली. पॅरिसमध्ये असतानाच ती झ्युरिकच्या बोडमर आणि ब्राइटिंगर या विद्वानांनी वाचायला मिळवली आणि १७५८–५९ मध्ये छापली. मिनेझांगचा आधुनिक वाचक तिथून सुरू होतो.

मोबाइलच्या पडद्यावर ही प्रत पाहू नये. चित्रे दिसतात, पण दोन स्तंभांतला मजकूर हरवतो. संगणकावर ६३, ११६, ९८, १२४, २७३, ३०८, ३७१ या क्रमाने पाने उघडावीत आणि चित्राइतकाच वेळ त्यामागच्या मजकुराला द्यावा. चालींसाठी येना विद्यापीठाच्या ग्रंथालयातले गीत-हस्तलिखित पाहावे. त्यात स्वरलेखन आहे, आणि तेही महाजालावर उपलब्ध आहे. त्यानंतर १४४५ मध्ये वारलेला ओस्वाल्ड फॉन वोल्केनश्टाइन, ज्याची गाणी स्वरांसह त्याच्या हयातीतच लिहून घेतली गेली, तो या पोथीच्या बाहेरचा आहे. त्याच्यासाठी व्हिएन्ना आणि इन्सब्रुक येथील हस्तलिखितांकडे जावे लागेल.